तोंडपाठ

अक्षत ओहोळने मंडळीपुढे रागावर जो पाठ दिला, तसा पाठ अमेरिकेतल्या चँडलरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत त्याआधी कुणी दिला नव्हता. स्क्रीनवर रंगीत चित्रं होती. मेंदूत राग कुठे पेटतो ते बाणाने दाखवलं होतं. राग आला की श्वास कसा घ्यायचा, खोलीबाहेर कसं जायचं, परत येऊन 'तू'ने नाही तर 'मला'ने वाक्य कसं सुरू करायचं, सगळं अगदी क्रमवार होतं. शेवटी त्याने डोळे मिटून प्रार्थना केली तेव्हा दोघी-तिघींनी डोळ्याला रुमाल लावला. लतिकाबाई रणदिव्यांनी, म्हणजे त्याच्या सासूनेच, त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. महिना उलटायच्या आत त्याने बायकोचं मनगट मोडलं.

बाईंबद्दल आधी सांगायला हवं, कारण हा पाठांचा उद्योग त्यांचाच. नगरच्या मिशन शाळेत मुख्याध्यापिका म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. नवरा वारल्यावर त्या ग्रीन कार्डावर लेकीकडे, स्वानंदीकडे आल्या आणि पहिल्याच रविवारी वैतागल्या. इथली मराठी मंडळी एका अमेरिकन चर्चचा हॉल दुपारपुरता भाड्याने घेई. उपासना आटोपली की चहा, समोसे आणि घरांच्या किमती. चिपच्या कारखान्यांत काम करणारे हुशार इंजिनिअर, पण देवाच्या घरात आले की डोकं गाडीत ठेवून येत. बाई म्हणाल्या, "देवाने बुद्धी काय ऑफिसपुरती दिलीय का? विश्वास ठेवणारा माणूस शिकायचा थांबला, की त्याचा विश्वास शिळा होतो."

त्यांनी रिवाजच पाडला. उपासनेनंतर, चहाच्या आधी, कुणीतरी एकाने आपल्याला येणारी एक गोष्ट सगळ्यांना शिकवायची. बाकीच्यांनी ती आठवडाभर घोकायची आणि पुढच्या रविवारी उभं राहून म्हणून दाखवायची. ज्याला येणार नाही त्याला चहा नाही. आणि गंमत म्हणजे लोकांना हे भलतंच आवडलं. लहानपणी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, वचनं घोकून बक्षिसं मिळवलेली ही माणसं, पन्नाशीतही एकमेकांच्या चुका काढायला टपलेली. करांचे नियम, हृदयाच्या झडपा, निवडुंगाची छाटणी, संडासाची टाकी दुरुस्त करणं, सगळं त्यांनी पाठ केलं. टाकी मात्र बिघडली की प्लंबरच बोलवत. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, बाईंचंही नाही.

अक्षत मारतो हे बाईंना ठाऊक होतं. पहिल्यांदा त्यांनी लेकीच्या दंडावरची निळी बोटं पाहिली तेव्हा स्वानंदी म्हणाली की कपाटाला धडकले. दुसऱ्यांदा तिचा ओठ फाटला होता आणि कपाटाचं नाव घ्यायचीही तिने तसदी घेतली नाही. त्या वेळी बाई लेकीला आणि नऊ वर्षांच्या नातीला, आन्याला घेऊन तडक सुवर्णाकडे राहायला गेल्या. सुवर्णा मंडळीतलीच, इस्पितळाच्या इमर्जन्सीत नर्स, एकटी राहणारी, फटकळ. मग अक्षतने वडीलधाऱ्या पुरुषोत्तमकाकांसमोर माफी मागितली, रागावरचा ऑनलाइन कोर्स केला, सर्टिफिकेट आणलं आणि मंडळीपुढे तो पाठ दिला. बाई विरघळल्या. चाळीस वर्षं त्यांनी ढ मुलं सुधारताना पाहिली होती. शिकलेला माणूस बदलतो यावर त्यांची श्रद्धा होती, जवळजवळ प्रभूवर होती तेवढीच.

"त्याने शिकून दाखवलंय," त्या स्वानंदीला म्हणाल्या. "आता आपण घरी जायचं."

"आई, त्याने फक्त बोलून दाखवलंय," स्वानंदी म्हणाली. पण तिने बॅगा भरल्या. आईपुढे तिचं कधी चाललं नव्हतं.

मनगट मोडलं ते एका शनिवारी दुपारी. स्वानंदीने कम्युनिटी कॉलेजमध्ये लॅब टेक्निशियनच्या कोर्सला नाव घातलं होतं. रविवारी इतकं शिकतोय तर सोमवारीही शिकू, असा साधा विचार. कॉलेजची ईमेल दोघांच्या सामाईक खात्यावरून अक्षतच्या फोनवर आली. तो स्वयंपाकघरात आला. बाई तिथेच टेबलाशी वाटाणे सोलत होत्या, म्हणून त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं. त्याने नाकाने खोल श्वास घेतला. तोंडाने सोडला. खोलीबाहेर गेला. बाईंना वाटलं, शाब्बास, पाठ लक्षात आहे याच्या. तो परत आला आणि शांत आवाजात म्हणाला, "मला असं वाटतं, की मला फसवलं गेलंय." अगदी स्क्रीनवर होतं तसं वाक्य. मग त्याने स्वानंदीचा हात पाठीमागे नेला आणि पिळला. हाड मोडल्याचा आवाज बाईंनी ऐकला.

बाई धावल्या. त्याने एका हाताने त्यांना ढकललं, त्या फ्रीजवर आदळल्या, कानामागून रक्त आलं. स्वानंदी खाली पडली होती आणि तो तिच्या बरगड्यांत लाथा घालत होता, न ओरडता, एखादं काम उरकावं तसा. पोलिसांना फोन केला तो आन्याने. शाळेत तिच्याकडून हे प्रत्यक्ष करवून घेतलं होतं: खोलीत जायचं, दार लावायचं, नंबर दाबायचा, आधी पत्ता सांगायचा. पोरीने तसंच केलं. पोलीस त्याला घेऊन गेले आणि कोर्टाने, बायकोमुलीजवळ फिरकायचं नाही, असं बजावून सोडून दिलं.

बाई पुन्हा सुवर्णाच्या घरी आल्या, या वेळी मान खाली घालून. प्लास्टर घातलेल्या लेकीकडे त्यांना बघवेना. आपल्या हाताने पोरीला त्या घरात परत नेलं, आणि का, तर जावयाने छान भाषण केलं म्हणून! शिकणं आणि म्हणून दाखवणं यांतला फरक ज्या बाईला कळला नाही, तिने जन्मभर मुख्याध्यापिकेची खुर्ची अडवली, असं त्या स्वतःला म्हणत. स्वतःचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता. अक्षतचा तर त्याहून जास्त आला होता. त्याचं मनगट आपल्या हाताने पिरगळतोय असं त्यांना जागेपणी दिसे, आणि प्रार्थनेला बसलं तरी दिसे.

पुढचा पाठ सुवर्णाचा होता. अपघातात वाहणारं रक्त कसं थांबवायचं. तिने पट्टे आणले होते, आवळायची दांडी असलेले, सैनिकांजवळ असतात तसे. "एकमेकांच्या मांडीला बांधून बघा," ती म्हणाली. "दुखलं नाही तर बरोबर बांधला नाही असं समजा." पण उपासनेच्या हॉलमध्ये एकमेकांच्या मांड्यांना हात लावायचा म्हटल्यावर मंडळी चुळबुळली. पुरुषोत्तमकाका म्हणाले, "तू सांग गं फक्त. आम्ही पाठ करतो." आणि त्यांनी केलंच. जखमेवर दाबा, जखमेच्या वर पट्टा बांधा, रक्त थांबेपर्यंत दांडी पिळा, वेळ लिहून ठेवा.

बाईंनी काही पाठ केलं नाही. घरी येऊन त्या सुवर्णाला म्हणाल्या, "मला हाताने शिकव."

सुवर्णाने मांडी म्हणून गुंडाळलेली गादी पुढे टाकली. बाई गुडघ्याने दाबायला शिकल्या. मग सुवर्णाने पट्टा बाईंच्याच मांडीला बांधून त्यांच्याच हातात दांडी दिली. पिळताना बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, सगळा पाय काळानिळा पडला. "बास का?" सुवर्णाने विचारलं. "पुन्हा," बाई म्हणाल्या. डोळे मिटून जमेपर्यंत त्यांनी सोडलं नाही.

पाठ म्हणून दाखवायच्या रविवारी सुवर्णाची ड्यूटी होती. पट्ट्यांचा डबा चहाच्या टेबलावर ठेवलेला होता. उपासना झाली, मुलं मागच्या खोलीत गेली, आणि यतीन नावाचा तरुण उभा राहून रक्तस्रावाचा पाठ म्हणायला लागला. तेवढ्यात बाहेर गाडीचे ब्रेक करकचले. बाईंनी दाराशेजारच्या मोठ्या काचेतून पाहिलं. रणरणत्या पार्किंग लॉटमधून अक्षत येत होता. हातात क्रिकेटची बॅट होती.

"दार लावा," बाई ओरडल्या. पण दार कोण लावणार? ज्याच्या पाठावर आपण टाळ्या वाजवल्या तो माणूस खरंच बॅट चालवेल हे कुणाच्या मनात येईना. यतीन तर दोन्ही हात पुढे करून सामोरा गेला. "अक्षत, यार, डीप ब्रेथ घे. आधी बसून बोलू."

अक्षतने बॅट फिरवली. यतीनचा कोपर उलटा वाकला आणि तो किंचाळत खाली बसला. मग किंकाळ्याच किंकाळ्या. खुर्च्या पडल्या, लोक भिंतींना चिकटले, कुणी टेबलाखाली शिरलं. अक्षत सरळ स्वानंदीकडे चालत आला. "घरी चल," तो म्हणाला. "आय ॲम आस्किंग नाइसली." तिने नाही म्हणून मान हलवली. त्याने तिच्या प्लास्टरवरच बॅट घातली. ती कळवळून वाकली, आणि तो दुसरा घाव डोक्यात घालायला बॅट मागे नेत होता, तेव्हा बाईंनी चहाचा थर्मास त्याच्या तोंडावर फेकला. झाकण निघालं, उकळता चहा त्याच्या डोळ्यांत गेला. तो गुरासारखा ओरडला आणि आंधळेपणाने बॅट फिरवत मागे मागे सरकला. पुरुषोत्तमकाकांनी घडीची खुर्ची उचलून, सगळा जीव एकवटून, त्याच्या छातीवर ढकलली. अक्षत दाराशेजारच्या काचेवर गेला, आणि काचेतून पलीकडे.

जुन्या इमारतीची काच होती ती, सुऱ्यासारखे तुकडे झाले. अक्षत अर्धा आत, अर्धा बाहेर पडला. त्याने उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसला. मग सगळ्यांना दिसलं. डाव्या मांडीची आतली बाजू पँटसकट उघडी पडली होती आणि तिथून लालभडक रक्त उसळत होतं, थांबत होतं, पुन्हा उसळत होतं.

कुणीतरी फोन लावला. आणि मंडळी पाठ म्हणायला लागली. खरंच म्हणायला लागली.

"जखमेवर दाबा," एक जण म्हणाला.

"आधी पट्टा, मग दाबा."

"नाही, नाही, सुवर्णाने आधी दाबा सांगितलं होतं. मग जखमेच्या वर पट्टा."

"वेळ लिहा कुणीतरी!"

"पेन आहे का?"

एकही शब्द चुकत नव्हता. एकही माणूस जागचा हलत नव्हता. रक्ताचं थारोळं फरशीवरून चहात मिसळत होतं.

बाई त्याच्यापासून चार पावलांवर उभ्या होत्या. पट्ट्यांचा डबा त्यांच्या हाताशी होता. काय करायचं ते त्यांच्या बोटांना माहीत होतं, गुडघ्याला माहीत होतं. पण त्या उभ्याच राहिल्या. अक्षतने त्यांच्याकडे पाहिलं. भाजलेला लाल चेहरा पांढरा पडायला लागला होता. "आई," तो म्हणाला. लग्नानंतर इतकी वर्षं तो त्यांना हीच हाक मारत आला होता.

खाली बसलेल्या स्वानंदीने मोडका हात पोटाशी धरला होता. ती हलक्या आवाजात म्हणाली, "आई, राहू दे."

बाईंना तेच हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. थोडा वेळ नुसतं उभं राहायचं, बाकीच्यांसारखं. कुणी दोष दिला नसता. म्हातारी घाबरली, म्हणाले असते. लेक सुटली असती, नात सुटली असती, कोर्ट नको, जामीन नको, दाराला कड्या नकोत. त्यांनी डब्यावरचा हातही काढून घेतला.

आणि मग त्यांना स्वयंपाकघरातला अक्षत आठवला. खोल श्वास घेणारा, बाहेर जाऊन परत येणारा. त्याला सगळं ठाऊक होतं. काय करायचं ते ठाऊक असून त्याने केलं नव्हतं, म्हणून तर बाईंना त्याची शिसारी आली होती. आणि आपण काय करतोय? आपल्याला येतंय, आणि आपण उभ्या आहोत.

"सरका," बाई म्हणाल्या.

डब्यातला पट्टा घेऊन त्या काचांवर गुडघे टेकून बसल्या. काच त्यांच्याही गुडघ्यात शिरली. एक गुडघा त्यांनी अक्षतच्या जांघेत रोवला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. तो अशा आवाजात ओरडला की मागच्या खोलीतली मुलं रडायला लागली. त्यांनी मांडीच्या वरच्या टोकाला पट्टा ओढून घेतला आणि दांडी पिळली. तो हात झाडू लागला, त्याची मूठ बाईंच्या गालावर बसली, तोंडात रक्ताची चव आली. "पकडा त्याला!" त्या ओरडल्या, आणि आता कुठे दोघे जण पुढे आले आणि त्यांनी त्याचे हात दाबले. बाईंनी दांडी आणखी पिळली. तो गयावया करायला लागला. "आई, नको, प्लीज, नको."

स्वानंदीही अशीच म्हणायची, बंद दारामागे. बाईंनी ते ऐकलं होतं. त्या पिळत राहिल्या. त्याचा एकेक हुंदका ऐकून त्यांच्या अंगात एक गार, गोड समाधान पसरत होतं. रक्त थांबलं. सुवर्णाने सांगितलं होतं, रक्त थांबलं की हात थांबवायचा. बाईंचा हात थांबेना. त्यांना आणखी एक पीळ द्यायचा होता. त्याची गरज नव्हती, फक्त तो आवाज पुन्हा ऐकायचा होता. शेवटी त्यांनी दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट धरलं आणि दांडी पट्ट्यात अडकवली.

अँब्युलन्स आली, पोलीस आले. अक्षत वाचला. पायही वाचला. या वेळी त्याला जामीन मिळाला नाही. पण जिवंत माणूस कधी ना कधी सुटणार, हे स्वानंदीला कळत होतं. ती बाईंशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, औषधं द्यायची, गुडघ्याची पट्टी बदलायची. एकदाच, आन्याला झोपवून आल्यावर, दारात थांबून म्हणाली, "मी तुला राहू दे म्हटलं होतं." बाई गुडघ्यावरच्या पट्टीचं टोक पुन्हा खोचू लागल्या.

मंडळीचं मात्र ठरलं होतं. काय तो विश्वास, काय ती क्षमा! बाईंची गोष्ट पार फ्रीमाँट, बॉथेलसारख्या दूरच्या शहरांतल्या मराठी मंडळ्यांपर्यंत पोचली. हातपाय गळून भिंतीला चिकटलेले लोकच ती सगळ्यात रंगवून सांगत होते. दुसऱ्या रविवारी पुरुषोत्तमकाकांनी उपासनेनंतर जाहीर केलं, की आजचा पाठ लतिकाबाई देतील, शत्रूवर प्रीती कशी करावी याचा. सगळे वह्या उघडून बसले. नव्या काचेवरचं कारखान्याचं लेबल अजून निघायचं होतं. स्वानंदी सगळ्यात मागे, दाराजवळ बसली होती.

बाई लंगडत पुढे गेल्या. गालावरचा डाग पिवळा पडला होता.

"वह्या मिटा," त्या म्हणाल्या. "शत्रूवर प्रीती करण्याचा पाठ मला सहाव्या वर्षापासून तोंडपाठ आहे. मी तो हजारो मुलांकडून पाठ करून घेतलाय. आणि मला तो येत नाही."

कुणीतरी हसलं, बाईंचा विनय समजून. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

"मी त्याचं रक्त थांबवलं, कारण सुवर्णाने माझ्या हाताला ते शिकवलं होतं. प्रीतीबिती काही नव्हती. तो ओरडत होता तेव्हा मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. रक्त थांबल्यावरसुद्धा मला पिळायचं होतं. म्हणजे त्याच्यात जे आहे तेच माझ्यात आहे, आणि मी सदुसष्ट वर्षांची आहे. मला आता पहिल्यापासून शिकायचंय. प्रभू शिकवील तर शिकेन. पण आज मी तुम्हाला हे शिकवू शकत नाही, आणि जो म्हणेल मला येतं, त्याने आधी हातांनी करून दाखवावं."

पुरुषोत्तमकाका खाली फरशीकडे बघत होते.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. स्वानंदी उभी राहिली होती. नवं प्लास्टर कोपरापर्यंत आलं होतं.

"आई," ती म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "मला हे शिकायचंच नाहीये. आत्ता नाही, कधीच नाही. मला तो मेलेला हवा होता. तू शिक. मला सांगू नकोस."

मंडळी बाईंकडे वळली. चाळीस वर्षांच्या नोकरीत 'मला शिकायचं नाही' हे वाक्य बाईंनी एकाही मुलाला पुरं करू दिलं नव्हतं, आणि लेकीला तर नाहीच नाही. स्वानंदीही तयारीत उभी होती, हनुवटी वर करून, कुणी हात उगारल्यावर राहावं तशी.

बाई खुर्च्यांच्या मधून लंगडत मागे गेल्या आणि लेकीसमोर उभ्या राहिल्या.

"नको शिकू," त्या म्हणाल्या. "बस खाली. दमली असशील."

स्वानंदी बसली. बाई तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. त्या रविवारी पाठ न म्हणताच सगळ्यांना चहा मिळाला.